मामाने लॅमिनेट केलेलं पत्र

घरच्यांना वेबसाइट बनवून देऊ नका, हात जोडते. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये माझ्या मामाचं ग्रिल-गेटचं वर्कशॉप आहे. त्याची वेबसाइट मीच केलीये. मध्ये एकदा त्याचा फोन आला, "अगं, आपल्या वेबसाइटचं नाव जातंय! पोस्टाने नोटीस आलीये. पैसे भरायला निघालोय."

"मामा, थांब! नाव मी कधीच रिन्यू केलंय. असली पत्रं फसवायला पाठवतात."

"फसवणारा पोस्टाचं तिकीट लावेल होय? गोल शिक्का आहे, बारकोड आहे!"

मग काय, बदलापूरहून तडक गेले. पत्राच्या तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'हे बिल नाही'. ते मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा कुठे त्याला पटलं. "आता फाडून टाक," म्हटलं आणि घरी आले.

काल पुन्हा गेले, तर तेच पत्र लॅमिनेट करून भिंतीवर, गुमास्ता लायसन्सच्या शेजारी!

"मामा, हे काय!"

"ओरडतेस काय? पैसे भरले का मी? शिक्का बघ ना केवढा आहे, गिऱ्हाईकावर छाप पडते."

मी कपाळाला हात लावला, तेवढ्यात शेजारच्या दुकानातले सिंधी सेठ आत आले. भिंतीकडे बोट दाखवत म्हणाले, "बेटा, मामाला हे तू काढून दिलंस ना? हमारा भी निकाल दो."

"सेठ, तुमची तर वेबसाइटच नाहीये!"

"वो बाद में देखेंगे. पहले ये लेटर तो मंगवा दो."