म्हसोबाचं बकरं आणि मुलाण्याची सुरी

(मुमताज मुलाणी. चाकणजवळच्या एका गावात राहतात, गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत लाइनीवर काम करतात. त्या बोलल्या तसं.)

माहेर माझं चऱ्होलीचं, तिथं आता शेतं गेली आन् बिल्डिंगी उभ्या राहिल्या, आमचा बाप ज्या रानात ज्वारी राखायचा ती जागा दाखव म्हणाल तर मला दाखवता यायची न्हाई, आन् सासर ह्ये, चाकणच्या पलीकडचं. गावात मुलाण्याचं घर येकच, आमचं. लगीन होऊन आले तवा सासूनं मला पयल्यांदा काय दाखवलं असंल, चूल न्हाई, पाण्याची जागा न्हाई, कोनाड्यात लाल फडक्यात गुंडाळलेली सुरी दाखवली. म्हणाली, पोरी, ही हाय म्हणून गावात आपलं घर हाय. तुमी शिकलेली माणसं, सुरी म्हणलं की तुमच्या डोळ्यापुढं भलतंच येतं, म्हणून आधी समजून घ्या, मग लिवा.

आमच्या गावाची जत्रा चैतात. पयल्या दिवशी भैरोबाला पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी मळ्यातल्या म्हसोबाला बकरं. ज्याचा नवस असंल त्यो बकरं आणतो, त्याला हळदकुंकू लावत्यात, अंगावर पाणी शिंपडत्यात, बकऱ्यानं अंग झाडलं म्हंजे देवानं मानून घेतलं, आन् मग सुरी फिरवायची ती मुलाण्यानं. दुसऱ्या कुणी न्हाई. घर मराठ्याचं असू दे, माळ्याचं असू दे, मुलाण्यानं बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवल्याबिगर त्या घरातली म्हातारी माणसं रश्श्याला हात लावत न्हाईत. हलगीवाला पुढं, त्येच्या मागं आमचे हे, हातात सुरी, वेशीतनं सरळ मळ्यात. बायका दारात तांब्या घिऊन उभ्या राहायच्या, यांच्या पायावर पाणी घालायच्या. ह्याला मान म्हणत्यात. यांच्या बापाला हा मान व्हता, आज्याला व्हता. देव कुणाचा आन् सुरी कुणाची, असलं इचारायचं कुणाच्या डोक्यातबी आलं न्हाई.

आमचे हे म्हंजे हुसेन, रस्त्याला दुचाकी दुरुस्तीचं दुकान हाय त्येंचं. बोलायला कमी, लई गरीब माणूस, गिऱ्हाइकानं दोन शब्द जास्त बोलले तरी ऐकून घेणार. वरीसभर हात ग्रीसनं काळे, पण जत्रेच्या आधी रॉकेल लावून घासून घासून असे पांढरे करणार की मी म्हणायचे, नवरदेव निघाला बगा. हसायचे. तवा हसायचे.

तर काय झालं, दोन वर्षांमागची जत्रा. मळ्याला लागून आता मोठी सोसायटी झालीय, देवाच्या पाठीलाच तिची भिंत. तिथल्या कुणीतरी ग्यालरीतनं मोबाइलवर शूटिंग केलं. म्हसोबाच्या देवळातनं माणूस निघालाय, लुंगीवर रगात, हातात सुरी. मागं अख्खा गाव व्हता, हलगी व्हती, गुलाल व्हता, गावातली म्हातारी सोनाबाई डोक्यावर पाटी घिऊन चालली व्हती, ते समदं कापलं आन् नुस्ता माणूस ठेवला.

मी कंपनीत व्हते. जेवणाच्या सुट्टीत शेजारची पोरगी, लातूरकडची हाय ती, शीतल, तिनं भीत भीत मोबाइल पुढं केला. मावशी, हे तुमचे मालक न्हाईत का? बगितलं तर यांच्या तोंडाभोवती लाल गोल, मागं धडाम धडाम म्युझिक, आन् येका च्यानेलचा बाप्या वरडतोय, देवळात सुरा घिऊन घुसला, कोण हाय हा, काय इरादा हाय ह्याचा. अरं इरादा काय असायचा, तिखट रस्सा आन् भाकरी, दुसरा काय इरादा! माझ्या हातातला घास तसाच राहिला. काय सांगू तुम्हाला, ज्या माणसाच्या पायावर गावानं पाणी घातलं त्येला चोरासारखा दाखवला, आन् ते बगून सगळ्या लाइनीच्या बाया माझ्याकडं बगत व्हत्या.

मग तिसऱ्या दिवशी त्या च्यानेलचा माणूस दारात आला, माइक घिऊन, कॅमेरावाला संगं. आमच्या यांना काय वाटावं? बरं वाटलं. म्हणले, चला, इचारायला तरी आला, आपण नीट सांगू. बसायला सतरंजी टाकली, मला चहा ठेवायला लावला, आन् ह्या माणसानं काय केलं, कोनाड्यातनं सुरी काढली. कौतुकानं. लाल फडकं उलगडलं, म्हणले, ही माझ्या आज्याची, मूठ शिसवीची हाय बगा, जत्रेबिगर हिला आमी हात लावत न्हाई, गाव आधी हळदकुंकू वाहतं हिला. त्यो च्यानेलवाला म्हणतो, काका, जरा वर धरा, दिसत न्हाई. ह्येंनी धरली वर. जे माणूस पाव्हण्याला लेकाचे लग्नातले फोटो दाखवतं तसं दाखवत व्हते हो. दुसरा कुणी असता तर झाकली असती, लपवली असती. ज्याच्या मनात पाप न्हाई त्योच असली चूक करतो.

रातच्याला दाखवलं. बोलणं येक न्हाई त्यात. आज्या न्हाई, शिसवीची मूठ न्हाई, हळदकुंकू न्हाई. नुस्ता हात वर, हातात सुरी, आन् खाली लिवलेलं, कॅमेऱ्यापुढं सुरा नाचवला. माझा चहा पिऊन गेलेला त्यो. कप माझ्या हातानं धुतला मी.

आन् त्येच्यावर कडी म्हंजे तात्या. तात्या म्हंजे आमच्या जत्रा कमिटीचा मोठा माणूस, सोनाबाईचा लेक, यांच्या बरोबरीचा, येका ताटात जेवलेली ही दोघं, विहिरीत येकाच दोरीला धरून पोहायला शिकलेली. त्येच्यापुढं माइक धरला. येकच वाक्य बोलायचं व्हतं त्याला, अहो ह्यो आमचा मुलाणी हाय, ह्यो मान त्येचा हाय. संपलं असतं तिथंच. तात्या काय म्हणला? म्हणला, आमी माहिती घेतो, चौकशी करू. कुणाची चौकशी, रं? ज्याच्या हातचं खाऊन तू वाढलास त्येची? च्यानेलवाला परका व्हता, त्येला काय माहीत, त्येच्यावर माझा राग हाय पण तात्यावर जेवढा हाय तेवढा न्हाई.

हवालदार आला, त्यो खेडकडचाच, इचारलं, ह्येंनी सांगितलं, त्यो हसायला लागला, म्हणला आमच्या गावात बी हाय की मुलाणी, त्येच्याबिगर आमची आजी जेवायची न्हाई. चहा पिला, गेला. पोलिसाला कळलं. च्यानेलला न्हाई कळलं. कंपनीत सुपरवायझर म्हणला, मावशी थोडे दिवस घरी बसा, पोरी बावरल्यात. मी म्हणलं, पोरी कुठं बावरल्यात, शीतल माझ्या डब्यातलं खातीय, तूच बावरलास. पण बसावं लागलं. सोसायटीतली गिऱ्हाइकं यांच्या दुकानावरनं सरळ पुढं जायला लागली, गाडी ढकलत नेतील पण थांबायची न्हाईत. आन् ह्येंनी सुरी फडक्यात गुंडाळून पार वर, माळ्यावर टाकली.

मी टीव्ही बगायचंच सोडलं. बगून तरी काय, आमचं माणूस त्यात दोनच कामाला, न्हाईतर बाँब ठेवायला न्हाईतर बिर्याणी खायला. मालिकेत आमच्यातलं कुणी आलं की मागची भिंत हिरवी, डोळ्यात सुरमा, तोंडात भाईजान. कुठं हाय आमच्यात भाईजान? मी यांना अहो म्हणते. माझी सासू जात्यावर ओव्या म्हणायची, आमच्यात रोजचं पिठलं आन् भाकरी, ईदला शिरखुर्मा आन् दिवाळीला शेजारणीच्या करंज्या. ते कुणी दाखवलंय कधी? ते दाखवलं तर भीती कुणाला वाटायची!

थांबा, अजून पुढचं ऐका, ह्ये तर वाईट च्यानेल झालं, चांगलं बी आलं येक. काही महिन्यांनी पुण्याची येक पोरगी आली, गोड बोलायची, म्हणली काकू, तुमच्यावर अन्याय झालाय, आम्हाला एकोप्याची गोष्ट करायचीय. म्हणलं कर बाई. यांना म्हणली, काका टोपी घालता का. हे म्हणले, ईदला घालतो, कुठं ठेवलीय आठवत न्हाई. तर तिनं पिशवीतनं काढली! घिऊनच आलती टोपी. मग माझ्याकडं वळली, काकू, बुरखा? म्हणलं, जन्मात घातला न्हाई, माझ्या सासूनं न्हाई घातला, कुणी घालती तिनं खुशाल घालावा, आमच्यात पदर घेत्यात. तर म्हणती, नुस्त्या पदरानं बगणाऱ्याला कळणार न्हाई तुमी कोण ते. मग म्हणली, तुमच्या भाषेत बोला ना, हिंदीत. बाई गं, माझी हिंदी कंपनीतली, बिहारच्या पोरांना तार दे आन् टेप दे म्हणण्यापुरती, त्या हिंदीत मी माझं दुःख सांगू का? मी आपली मराठीत बोलत राहिले तर ती काय म्हणली असंल? अय्या काकू, तुमचं मराठी किती छान आहे! माझं डोकंच फिरलं. म्हणलं, तुझं बी छान हाय की, कुठं शिकलीस? तोंड येवढंसं झालं तिचं. जा म्हणलं, आन् टोपी घिऊन जा. त्या पयल्यानं सुरी तेवढी ठेवून माणूस कापला, तू टोपी तेवढी ठेवणार. आमी जसे हाय तसे तुमच्या टीव्हीच्या डब्यात मावत न्हाई का?

मग गेल्या वर्षीची जत्रा आली. कमिटीचा निरोप, हुसेनला म्हणावं यंदा राहू दे, वातावरण ठीक न्हाई, आमी दुकानातनं मटण आणतो. हे दुकानात जाऊन कुणाचं तरी इंजिन खोलून बसले. जत्रेच्या दिवशी हलगी वाजायला लागली तशी ह्येंनी हातातला पाना खाली ठेवला आन् दुकान बंद करून घरी आले. घरात भिंतीकडं तोंड करून पडले. मी बगितलंय ते. माझ्या शत्रूच्या घरात असला दिवस येऊ नये.

दुपारी मागच्या दाराची कडी वाजली. बगते तर तात्या. घामाघूम. झालं असं व्हतं, सोनाबाईचा नवस व्हता, नातू दवाखान्यातनं बरा होऊन आला म्हणून म्हसोबाला बकरं बोललेली. बकरं मळ्यात नेलं, पाणी शिंपडलं, त्येनं अंग झाडलं, देवानं मानलं, आन् सुरी फिरवायला तात्यानं बाहेरचा खाटीक उभा केला तर म्हातारी आडवी आली. म्हणली, हुसेन कुठाय? हुसेनबिगर ह्याला कुणी हात लावायचा न्हाई. ऐकंना. उपाशी बसली देवापुढं.

तात्या यांना म्हणला, भावा, चल, आईसाठी चल. हे लगीच उठले. असाच हाय त्यो माणूस, येका हाकंला उठला, माळ्यावर हात घातला. तर तात्या म्हणतो, वढ्याच्या वाटेनं जाऊ, मागनं, सोसायटीवाल्यांना दिसायला नको, सुरी पिशवीत घे.

तिथं मी मधी पडले. म्हणलं तात्या भाऊजी, यांचा आज्या वेशीतनं गेला, बाप वेशीतनं गेला, पुढं हलगी लावून गेला. माझा नवरा चोरासारखा वढ्यातनं जायचा न्हाई. तुमाला आईची येवढी काळजी हाय ना, मग हलगी घिऊन पुढच्या दारी या, आन् ज्या तोंडानं चौकशी करू म्हणलात त्याच तोंडानं मोबाइलपुढं सांगा ह्यो कोण हाय ते. तात्यानं खाली बगितलं. म्हणला, वहिनी, मला बी गावात राहायचंय. म्हणलं, आन् आमाला कुठं राहायचंय?

गेला त्यो. आल्या वाटेनंच गेला. हे माझ्यावर चिडले, म्हणले म्हातारी उपाशी हाय. मी म्हणलं, तिला मी जेवायला घालते, आन् पिठलं-भाकरी घिऊन मळ्यात गेले, वेशीतनं गेले. सोनाबाईनं माझ्या हातचं खाल्लं आन् बकऱ्याचं दावं स्वतःच्या हातानं सोडलं. म्हणली, हुसेन मानानं येईल तवा बगू.

ते बकरं अजून हिंडतंय गावात. ही येवढी दाढी वाढलीय त्येची. देवाचं हाय म्हणून कुणी दगड मारत न्हाई, तात्याच्या परसातला घेवडा पार संपवला त्येनं, तात्यालाबी हाकलता येत न्हाई. आन् रोज येऊन बसतं कुठं, तर आमच्या दुकानापुढं. हे डब्यातली अर्धी भाकरी त्याला घालत्यात. ज्याच्या हातनं जायचं त्येच्याच हातनं खातंय.

आता चैत आलाय तोंडावर. सोनाबाईनं अंथरूण धरलंय, निरोप धाडती, माझा नवस फिटू दे गं. तात्या आमच्या बोळाच्या तोंडापर्यंत येतो, उभा राहतो, परत जातो, मी दारातनं बगते. हे परवा सुरी माळ्यावरनं काढून पुसत व्हते, मला म्हणले, आला तर? म्हणलं आला तर जा, पण पुढच्या दारानं. म्हातारीचं काही बरंवाईट झालं तर लोक मला बोलतील, बोलू देत, मला बी रात रात झोप न्हाई. पण मी मागं सरायची न्हाई.

लिवा तुमी. तुमच्या लेकराबाळांना अल्ला सुखी ठेवो, म्हसोबा राखो. फोटो मातर काढू नका, आन् छापायचाच असंल तर त्या बकऱ्याचा छापा. आन् जाताना वढ्याकडनं जवळ पडतं म्हणून तिकडनं जाऊ नका. वेशीतनं जा. मुलाण्याच्या घरी आल्ता ते दिसू द्या गावाला.