उठा, बाळंतीन हाय

माझं माहेर मुरबाडकडं, म्हशाच्या अलीकडच्या एका पाड्यावर, नि दिली किन्हवलीच्या पुढं, शहापूर तालुक्यात. माझी आजी सुईन होती, तिच्या हाताखाली मी शिकले. लगीन होऊन इकडं आले नि पहिल्याच वर्सी शेजारची बाई अडली, तर सासू म्हनली, तुला येतं ना, मंग बघतेस काय, हात धू. तेव्हापासून जे हात धुतले ते धुतलेच. किती बाळंतपनं केली ते इचारू नका ताई, मी कधी मोजली नायत, दुसऱ्याची पोरं मोजू नयेत.

काय सांगू तुमाला, तेव्हा रस्ते कुठं होते. पाड्यांवरच्या बाया दिवस भरत आले की माझ्या घरीच येऊन राहायच्या. घर म्हंजे एक आतली खोली, चूल, नि पुढं ओटी. बाळंतीन आली की तिला आतली खोली नि आमचे मालक ओटीवर, तसा नेमच पडल्ता. मालक तानसाच्या बाजूला, मुंबईला पानी नेनाऱ्या पाइपलाइनीवर वॉचमन. ड्युटी करून यायचे, सायकल टेकायचे, जरा अंग टाकतात न टाकतात तर मी दाराशी उभी, उठा, बाळंतीन हाय. उठायचे. घोंगडी काखेत मारायचे नि ओटीवर जायचे, पाऊस असो, थंडी असो. आज नको असं कधी म्हनले नाय. मीच बायांत चेष्टा करायची, ह्यांना ह्या घरात पावन्याएवढा बी मान नाय. ते ऐकून हसायचे. माझी जीभ पहिल्यापासून तिखट, नि त्यांना ती गोड लागायची, काय करता.

रिटायर झाले तवर त्यांना दम लागायला लागल्ता. शहापूरच्या डॉक्टरनं सांगितलं, चढायचं नाय, ओझं उचलायचं नाय. जन्मभर मुंबईचं पानी राखलं मानसानं, पन समुद्र बघितला नव्हता. मुंबईला गेले ते कागदासाठी, हाफिसातनं उलट्या पावली घरी. त्या टायमाला एक टूरवाला कोकनातल्या रिसॉर्टचं पॅकेज काढायचा, जानं-येनं, राहनं, जेवान, देवदर्शन सगळं त्यातच. त्याच्या कागदावर फोटू होता. एक खोली, मोठी खिडकी, खिडकीशी वेताच्या दोन खुर्च्या, नि खिडकीभर समुद्र. तो कागद त्यांनी घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला तीन महिने. येईल त्याला दाखवायचे, ही खुर्ची माझी नि ही हिची. मी म्हनायची, वा, खुर्चीत बसायला एवढ्या लांब जायचं, आपल्या ओटीला काय झालंय. पन मनातनं मला बी हौस होती, खोटं कशाला बोलू. चाळीस वर्सांत त्यांनी ती एवढी एकच गोष्ट मागितली माझ्याकडं, की माझ्याबरोबर चल नि बस.

थंडीत निघालो. बस शहापूरची नि मुरबाडची मानसं घेऊन भरलेली. दुपारच्या जेवनाला पोचलो तर रिसॉर्टवर ही गर्दी. कुठल्या तरी कंपनीची पार्टी उतरल्ती, नि आमच्या खोल्या त्यांना बी देऊन ठेवल्या होत्या. एक खोली दोघांना इकायची, ही कुठली रीत? टूरवाला मॅनेजरवर ओरडतोय, मॅनेजर म्हनतो सीझन हाय, ऍडजस्ट करा, निम्म्या लोकांना बाजारातल्या लॉजवर पाठवतो, तिथं बी सगळी सोय हाय. म्हातारी मानसं पहिली, असं ठरलं, नि आमचं नाव पुकारलं. चावी मिळाली, खालचीच खोली, पायऱ्या नायत. दार उघडलं नि काय सांगू, फोटूत होती तशीच खिडकी. त्याच दोन खुर्च्या. मालक जाऊन बसले. टोपी काढून खिडकीत ठेवली. नुसते बघत बसले, मंग दुसऱ्या खुर्चीवर हात ठेवून म्हनले, ये, बस गो.

मी म्हनलं, थांबा, आधी तुमच्या गोळीला गरम पानी आनते. झालं. तिथंच चुकले मी. बसले असते दोन मिन्टं तर काय बिघडलं असतं.

पानी आनायला गेले तर पडवीत मुरबाडकडची एक पोर उभी, कडेवर तान्ही मुलगी. सासूनं लेकरू कुलदेवीच्या पायावर घालायला म्हनून पॅकेजात आनलेली. तिला लॉजवर जा म्हनून सांगितलेलं नि ती रडवेली. मी इचारलं, किती दिवसांची गो? म्हनली, दोन महिने. म्हंजे सव्वा महिना उलटून गेल्ता, तसं बघितलं तर ती बाळंतीन राहिली नव्हती. पन जित्याची खोड. मी तडक मॅनेजरपुढं गेले, म्हनलं हिला आमची खोली द्या, आमी दोघं म्हातारी कुठं बी राहू. तो लगेच हो म्हनला. मालकांना मी इचारलं बी नाय, ताई. दाराशी जाऊन उभी राह्यले नि म्हनलं, उठा, बाळंतीन हाय.

उठले. घरच्यासारखेच उठले. टोपी घेतली, डोक्यावर घातली, पिशवी माझ्या हातातनं घ्यायला लागले. मी दिली नाय.

लॉज बाजाराच्या मागं, नि आमची खोली माडीवर. चढताना तीनदा बसले जिन्यात. खिडकी उघडली तर समोर भिंत. समुद्राचा आवाज यायचा, दिसायचा नाय. मी म्हनलं रिक्षा करू, वाळूत जाऊन बसू. तर म्हनले, जिना उतरायचा नि परत चढायचा, माझ्यानं होनार नाय, तू जाऊन ये बाकीच्यांबरोबर. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले देवळात. ती पोर आली नव्हती, तिच्या कुलदेवीला दुपारी जायचं होतं, म्हनून येताना पोरीला नि लेकराला बघावं म्हनून रिसॉर्टवर वळले. खिडकीशी दोन्ही खुर्च्यांवर ओले टॉवेल वाळत घातलेले, नि आत चार बापे पत्ते खेळतायत. झाडूवाली बाई म्हनली, ती लेकुरवाळी इथं राह्यलीच नाय, तुमी चावी दिलीत नि मोटारीनं सायबाचे पावने आले, त्यांना दिली, तिला लॉजवर धाडली. दैव देतं नि कर्म नेतं म्हनतात, पन इथलं कर्म म्हंजे मीच.

परत आले तर मालक खाटेवर बसून धापा टाकत होते. मला वाटलं हवा मानवली नाय. त्यांनी इचारलं, बघितलंस का लेकरू? मी म्हनलं, हो, खिडकीशी झोपलंय छान. म्हनले, बरं झालं. त्यांच्याशी मी उभ्या जन्मात बोललेलं ते एकच खोटं. येताना बसमध्ये ती पोर पुढं बसल्ती, तर मी मालकांना पार मागच्या शिटावर नेऊन बसवलं, बोलनं होऊ नये म्हनून.

घरी आल्यावर ते दिसेल त्याला सांगायचे, आमी समुद्रावरची खोली बाळंतिनीला दिली, लेकरू खिडकीशी झोपलं, आमच्या हिचा जीवच तसा. हे सांगायचे नि माझ्याकडं बघायचे. मी चुलीकडं तोंड फिरवायची. अंथरुनाला खिळले तरी सांगायचे. भातलावनीच्या आधी गेले. तो कागद सदऱ्यातच होता, मी तसाच त्यांच्याबरोबर दिला.

मंग चार-पाच वर्सांनी मी म्हशाच्या जत्रेला गेल्ते, भावाकडं. घोंगड्यांच्या दुकानापाशी एका बाईनं हाक मारली, काकू. तीच पोर. बोटाला धरून मुलगी, चुनचुनीत. मी म्हनलं, तुला खोली मिळाली नाय, माझ्या मालकांना हे मी कधी कळू दिलं नाय बघ. ती म्हनली, काकू, आमी त्याच लॉजात होतो, खाली, मागच्या खोलीत. तुमी देवळात गेल्यात नि हिचं रडनं ऐकून काका जिना उतरून आले. हिला मांडीवर घेऊन बसले, झोपेस्तवर. जाताना म्हनले, तुझ्या काकूला सांगू नको पोरी. तिनं मला किती वेळा उठवलं, त्याचं मला कधी कायच वाटलं नाय. पन ही खोली फुकट गेली म्हनून कळलं तर तिला जन्मभर लागंल.

तर त्या धापा जिन्याच्या होत्या. डॉक्टरनं नको सांगितलेला जिना, माझ्या पाठीमागं उतरले नि चढले. नि मंग मला इचारत बसले लेकरू बघितलंस का, नि मी सांगितलेलं खोटं डोळे मिटून घेतलं, नि तेच गावभर सांगत राह्यले, माझं मन राखायला.

मी जत्रेत खाली बसून रडले, ताई. मानसं बघत होती, बघू देत. मंग त्या मुलीच्या तोंडावरनं हात फिरवला, म्हनलं शिक, मोठी हो, माझं आयुष्य तुला लागो.

आता बाया दवाखान्यात जातात, ते चांगलंच हाय, माझ्या दारात कोन येत नाय. आतली खोली मोकळी असते. सून म्हनते, आई, आत झोपा, थंडी हाय. मी ओटीवरच असते, त्यांच्या जागेवर, त्यांची घोंगडी घेऊन. आता मला उठवायला बी कोन नाय.