स्वच्छ हवालदार

हयवदन : सरकारचं पत्र पुन्हा वाचलं तरी तेच निघणार, कौशल्याअक्का. मदतनिसाचा भत्ता नामंजूर.

कौशल्या : पण का, अण्णा? नेफाच्या लढाईत यांच्या मणक्यात चिन्यांची गोळी शिरली. चार वर्षं झाली, कमरेखाली बोटसुद्धा हलत नाही. ते त्यांच्याच कागदावर आहे ना?

हयवदन : आहे. पण गेल्या महिन्यात डॉक्टर घरी तपासायला आले, त्यांनी काय लिहिलंय ऐका. 'हवालदार प्रतापराव स्वच्छ, दाढी केलेले, अंगावर इस्त्रीचे कपडे. पाठीवर एकही जखम नाही. कायम मदतनिसाची गरज दिसत नाही.'

कौशल्या : जखम नाही, कारण मी रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलते!

हयवदन : कागदाला ते कुठं दिसतं?

कौशल्या : सरकारी माणूस येणार म्हणून न्हाऊ घातलं, फेटा बांधला, छातीवर पदक लावलं. परक्यापुढं नवऱ्याला गबाळा कसा बसवू?

प्रतापराव : आणि मी? बसल्या जागी कडक सलाम ठोकला. 'कैसे हो?' म्हणाले. मी म्हणालो, 'एकदम फर्स्ट क्लास, साहेब!'

हयवदन : करायला गेलात गणपती आणि झाला मारुती.

प्रतापराव : थट्टा पुरे. हिची कंबर गेलीय, हयवदन. आणखी वजन उचललंत तर तुम्हीच अंथरूण धराल, असं डॉक्टरीणबाईंनी हिला बजावलंय. पलीकडच्या गल्लीतली यल्लव्वा उचलाउचल करायला तयार आहे. पण तिलाही पोट आहे, फुकट कशी येईल? भत्ता नसेल तर मला अपंग जवानांच्या आश्रमात टाका.

कौशल्या : मी जिवंत असताना? पुन्हा ते नाव काढू नका.

हयवदन : अपिलाचा अर्ज मी आधीच घातलाय. मंगळवारी दुसरे डॉक्टर येतायत. अक्का, शेजारी म्हणून स्वल्प कडू बोलतो, रागावू नका. तोवर यांना अंघोळ नको, दाढी नको. चादरही बदलू नका.

कौशल्या : अण्णा! हे तुम्ही सांगता? शत्रूचंसुद्धा असं करू नये.

हयवदन : तीस वर्षं कचेरीत कागद चाळलेत मी. साहेबाला डोळ्यांनी दिसलं तरच ते खरं.

प्रतापराव : ठरलं. आजपासून वस्तरा बंद. हुकूम आहे.

कौशल्या : तुमचे हुकूम पलटणीत! ...बरं. चार दिवस. पण कूस बदलणार म्हणजे बदलणार. तेवढं कुणाच्या बापाचं ऐकणार नाही.

(मंगळवार सकाळ. डॉक्टर तपासणी करून गेले आहेत. त्यांना गवीपूरच्या नाक्यापर्यंत पोचवून हयवदन परत आला आहे.)

हयवदन : काम झालं, अक्का! शिफारस केली त्यांनी, ही बघा नक्कल. यल्लव्वाला खुशाल निरोप धाडा.

प्रतापराव : शाब्बास! चार दिवस खाजवत बसलो, त्याचं चीज झालं. ऐकलंस का गं? आता वाकायचं नाही तू.

कौशल्या : ऐकलं. आत आल्या आल्या त्यांनी नाकाला रुमाल लावला. मी पाणी पुढं केलं, तर माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. अण्णा, काय लिहिलं त्यांनी?

हयवदन : सरकारी भाषा ती. नेहमीचीच.

कौशल्या : मला इंग्रजी वाचता येत असतं तर तुम्हाला विचारलं नसतं.

प्रतापराव : असू दे, हयवदन. नको.

कौशल्या : सांगा, अण्णा. माझ्या गळ्याची शपथ.

हयवदन : 'रुग्णाची अवस्था दयनीय. पत्नी घरात आहे, पण त्याची काळजी घेणारं कुणी नाही.'

प्रतापराव : कौशी... इकडं ये. बस माझ्याजवळ.

हयवदन : मीच सुचवलं हे. चुकलो, अक्का.

कौशल्या : तुमचं काय चुकलं? तुम्ही आमचं घर राखलंत. फक्त... चार वर्षांचं सगळं एका ओळीत पुसलं हो त्यांनी. फार लागलं मला.

प्रतापराव : मी सांगतो त्यांना. पत्र धाडतो. सगळं लिहितो, तू काय काय केलंस ते.

कौशल्या : आणि भत्ता घालवता? काही नको. सरी, ठीक आहे अण्णा, या आता. जाताना दार ओढून घ्या.

प्रतापराव : कौशी, रडू नकोस गं.

कौशल्या : रडू दे मला. तुम्ही तोंड इकडं करा. पाणी तापलंय, आधी दाढी करू.