कळविण्यास अत्यंत दुःख होते

मंजुश्री : वाच बरं मोठ्यानं, गोपाल. काय लिवून ठेवलं तू मायबद्दल?

गोपाल : ताई, सारा जिल्हा वाचून राह्यला ते. आपल्या चर्चा मंचाच्या ग्रुपवर माह्या कोणत्याच पोस्टीले एवढ्या कॉमेंटी आल्या नाही.

मंजुश्री : कॉमेंटी पाह्यल्या, म्हणूनच वरवटले धावत आली. वाच.

गोपाल : "कळविण्यास अत्यंत दुःख होते की, वरवट बकाल येथील कै. रामराव यांच्या धर्मपत्नी, मायेचा सागर, आमच्या मातोश्री कोकिळाबाई या..."

मंजुश्री : थांब. इथंच 'आणखी पाहा' येते. पुढचं कोणाले दिसत नाही.

गोपाल : बोट टेकवलं की उघडते ना.

मंजुश्री : कोण टेकवते? वर दुःख, मधात 'कै.', अन् खाली हार घातलेला फोटो.

गोपाल : बाबाच्या एकसष्टीतला हाय तो. मायचा तेवढाच एक चांगला फोटो हाय.

मंजुश्री : लोकायनं काय समजाव मंग? हे पाह्य. "भावपूर्ण श्रद्धांजली." "ओम शांती." शेषराव मामा तं तेरवी कवा हाय म्हणून इचारून राह्यले.

गोपाल : काल पाहुणे पिठलं-भाकर घेऊन आले. त्याहिले सांगता सांगता जीव गेला माह्या. खाली चांगलं स्पष्ट लिवलं हाय मी, "आज मंगळवारी बाजारातून निघून गेल्या, अद्याप परतल्या नाहीत, विस्मरणाचा त्रास आहे."

मंजुश्री : माय हरवली अन् तू मयताची पोस्ट लिवली.

गोपाल : साऱ्या गावाच्या मयताच्या पोस्टी मीच लिवतो, ताई. हात तसाच वळला. अन् एवढ्या मोठ्या माणसायच्या ग्रुपवर एकदम 'माय हरवली' कसं लिवाव? बरं नाही दिसत.

मंजुश्री : बरं दिसाले लिवत होता का बे?

गोपाल : रागावू नको. लय भेव वाटून राह्यलं मले. पाह्यली म्हणून एक फोन नाही. जो येते तो सांत्वनाचा.

मंजुश्री : लिव आता. "आमची आई हरवली आहे. ती जिवंत आहे."

गोपाल : हेबी लिवाव लागते?

मंजुश्री : तुह्या पोस्टीनंतर लागते. लुगडं कोणतं होतं?

गोपाल : हिरवं. नाही, जांभळं. पिवळ्या काठाचं. डावा कान फाटेल हाय, मनगटावर तुळशीवृंदावन गोंदेल हाय.

मंजुश्री : यातलं एक तरी होतं का त्या पोस्टीत? मायेचा सागर पाहून कोण ओळखन तिले स्टँडवर? अन् फोटो बदल. तुह्या बायकोच्या फोनात चुलीजवळचा हाय, तो लाव.

गोपाल : पूनमनं काढलेला? त्यात केस विस्कटेल हायेत मायचे.

मंजुश्री : रस्त्यावर तशीच दिसत असन ती. टाक.

(थोड्या वेळानं गोपालचा फोन वाजतो. तो स्पीकर लावतो.)

शाकिर : गोपालभाऊ का? मी डोणगाववरून शाकिर. स्टँडसमोर चायची टपरी हाय आपली. भाऊ, हे नवीन पोस्ट खरं हाय का? जिवंत हायेत तुमच्या आई?

गोपाल : हाव, हाव. पाह्यली का तुम्ही?

शाकिर : मंगळवारी सांजच्याले बसमधून उतरून माह्या बाकावर बसेल होत्या मावशी. चाय देली. म्हणे, माह्या भावाले सांगा, कोकिळा आली.

मंजुश्री : माहेर हाय तिचं ते. शेषराव मामानं घर कवाचंच इकलं, आता कोणी नाही तिथं. तिच्या ध्यानात नसन राह्यलं.

शाकिर : मी टपरी बंद केली तवाही बसेल होत्या. म्हटलं, कोणी घ्याले येत असन. घरी जेवून मोबाईल पाह्यला तं तुमचं पोस्ट, अन् तोच चेहरा. मले वाटलं, घरचे घेऊन गेले अन् वाटेतच गेल्या. दिलाले लागलं, भाऊ. मीबी श्रद्धांजली लिवली. पुरं वाचलं नाही. खुदा माफ करे.

गोपाल : तुम्ही काय कराव? मीच तिले मारून टाकली होती.

शाकिर : घर माह्यं टपरीच्या मांगंच हाय. उठून पाहाले गेलो असतो तं... सकाळी बाक रिकामा होता. मले काही नवल वाटलं नाही.

गोपाल : मंग गेली कुठी?

शाकिर : काल याच ग्रुपवर पोलिसायचं एक पोस्ट होतं. तुम्ही पाह्यलं नाही का?

गोपाल : नाही. मी माह्याच पोस्टीखालचं वाचत होतो.

शाकिर : पाहून घ्या, भाऊ. मले नाही सांगता येत.

मंजुश्री : सापडलं. "अनोळखी मृत महिला. वय अंदाजे सत्तर. डोणगाव शिवारातील नाल्यात. जांभळे लुगडे, पिवळे काठ. डावा कान फाटलेला. मनगटावर तुळशीवृंदावन."

गोपाल : पुढं वाच.

मंजुश्री : पुढं काही नाही, गोपाल. एवढंच हाय.

गोपाल : फोन कोणाले कराचा, ते लिवलं हाय का?

मंजुश्री : हाव. पह्यल्याच ओळीत.