द्वारकाबाईंचा अँप्लिफायर

पडेगावात फारूखच्या दुरुस्तीच्या दुकानात मी माझा रेडिओ घेऊन थांबलो होतो. माझ्या आधी द्वारकाबाईंचा नंबर होता. त्यांनी घरचा अँप्लिफायर आणला होता.

“काय होतंय मावशी याला?”

“अर्धा तास वाजतो अन् गप होतो. घटकाभरानं आपोआप चालू.”

“लई तापत असंल. वरच्या जाळीवर काय टाकता का?”

“विणलेला रुमाल. धूळ जाऊ नये म्हणून.”

“अन् गरम हवा कुठून निघंल? हे बघा, जाळी धाग्यांनीच बुजली. महिन्यातून एकदा प्लग काढून ब्रशनं झाडायची. रुमाल बंद. मग बघा, दिवसभर वाजंल.”

“दिवसभर?”

“व्हय. का बरं?”

“आमचे मास्तर रिटायर झाल्यापासून त्याच्यापुढून हलत नाहीत. तो बंद पडला की तेवढा वेळ माझ्याकडं येतात. मेथी निवडतात, बोलतात.”

“म्हणजे रुमाल धुळीसाठी नव्हता!”

“होता की. पहिले दोन दिवस.”

“या अल्ला! मग दुरुस्त करू का नको?”

“कर बाबा. गाण्याबिगर त्यांचं तोंड उतरतं.”

“अन् तुमचं काय?”

“तुझ्याकडं स्पीकरची लांब वायर हाय का?”

“हाय. किती लांब?”

“बैठकीतून स्वयंपाकघरापर्यंत. अन् बैठकीतला स्पीकर काढून तिकडंच लाव.”