आडव्या ओळी

मुलगी : आता नको ना, आक्का! सर जेवून आले की हे चित्र छापायला पाठवणार आहेत. चार वर्षांनी कुठे हे मेले रेणू ओळीत बसलेत.

आक्का : म्हणूनच म्हणतेय. यंत्राची सुई खड्यावर आडवी फिरून चित्र काढत होती, ती उभी फिरव. ओळी खऱ्या असतील तर चित्रात उभ्या होतील. आडव्याच राहिल्या तर ती नुसती सुईची थरथर.

मुलगी : आणि थरथर निघाली तर? माझा प्रबंध गेला!

आक्का : जाईल.

मुलगी : किती सहज बोलता. तुमचा आज नोकरीचा शेवटचा दिवस, माझा पहिला बरा दिवस. बघवत नाही का?

आक्का : पाय भरून आलेत गं, तरी उभी आहे. कालपर्यंत तूच रडत होतीस ना?

मुलगी : मग काय! रेणू धातूवर चिकटून बसतात. मिठाच्या खड्यावर टाकले की घसरतात, कुठेतरी ढीग करतात.

आक्का : आणि आज एकदम शहाणे झाले? या टोकापासून त्या टोकापर्यंत? एकतीस वर्षांपूर्वी याच खोलीत अशाच ओळी आल्या होत्या. तेव्हाच्या मोठ्या सरांनी छापल्या. मला शंका होती. पण यंत्र पुसणारीला कोण विचारतंय, म्हणून गप्प बसले. मग एक मुलगी आली, त्याच ओळी शोधायला. तीन वर्षं रोज तिला ताजा खडा चिरून दिला मी. रोज. ओळी सापडल्याच नाहीत; शेवटी सगळं सोडून गेली ती. तेव्हाही मी गप्पच.

मुलगी : फिरवते सुई.

(पडद्यावर चित्र वरून खाली सावकाश भरत जातं.)

मुलगी : आडव्याच आहेत.

आक्का : हं.

मुलगी : सगळ्या.

आक्का : सरांना मी सांगते. तू बस जरा.

मुलगी : नको, माझं मीच सांगेन. आक्का, खडा चिरताना पडलेली ही पायरी मात्र उभी झाली.

आक्का : होणारच. ती खरी आहे.

मुलगी : आणि तिच्या कडेला हे ठिपके? मघाशी पायरीसारखेच आडवे होते. तेही उभे झालेत.

आक्का : चष्मा दे माझा. किती आहेत?

मुलगी : अकरा. अकराच.

आक्का : रेणूच ते, पायरीला धरून बसलेत गं.

मुलगी : पण उद्यापासून तुम्ही नाही.

आक्का : उद्याही दहापर्यंत येते. ताजा खडा लागेल तुला.