ट्यूब कोनाची?

नाई, तुमीच सांगा, ट्यूब कोनाची? माही! टरकाची, हत्तीएवढी, चार ठिगळं म्या सोताच्या हातानं लावलेली… अन् नाव कोनाचं झालं? पंजाबरावाचं! माह्या साडूचं!

तुमाले सांगतो, धोंड्याचा महिना. सासूबाईनं दोनी जावयाले नांदुऱ्याले जेवाले बलावलं, बायका आठ दिस आंधीच माहेरी, अन् इकडं आमच्या उंद्री गावात पानी असं पडलं का यष्टीच बंद! मी म्हनलं, ओसरू द्या. तं हा म्हन्ते, "भेता काऊन, उकंडराव? बोथ्याच्या जंगलातून पायी उतरू, ज्ञानगंगेत ट्यूब टाकू, थेट सासऱ्याच्या घाटावर!" मंग ट्यूब खांद्यावर कोन वाहीन? मी! डोंगर, चिखल, वाटेत अस्वलाचे ताजे पंजे… अन् हा पुढं शिट्टी वाजवत!

नदीवर सायकलच्या पंपानं हवा कोनं भरली, हे तं इचारूच नका. फुगली, अन् हा टुनकन आत! "दोघं बसलो तं बुडून जाऊ. तुमी आपले काठाकाठानं या, कपडे घेऊन." तो राजावानी पान्यात, अन् मी बाभळीच्या काट्यात, डोक्यावर दोघाच्या धोतराचं गाठोडं, काखेत पंप! एक गोटा उचललाबी होता, खोटं काऊन बोलू… पन साळीचं कुंकू आडवं आलं. अन् ट्यूब कोनाची? माही!

नांदुऱ्याच्या घाटावर पूर पाहाले ही गर्दी! सासूबाई नदीची ओटी भराले आलेली. तिनं काय करावं? नदीचा नारळ देल्ला याच्या हातात, "माहा वाघ पुराले नाई भ्याला!" अन् मी काटे काढत उभा, तं मले म्हन्ते, "तुमी सडकेनं आले का?" सडकेनं! बरं, अनारसे दोघालेबी तेहतीस-तेहतीस, पन त्याच्या ताटात तूप वाढून कोन राह्यलं होतं? माही बायको, गोजरबाई! "भाऊजी, घ्या ना अजून!" जळलो, तुमाले सांगतो, शेंडीपर्यंत जळलो!

वापस जाताना पानी उतरलं, यष्टी सुरू. पंजाबराव खिडकीत, डोक्यावर सासऱ्याचा जरीचा फेटा. म्या ट्यूब गुंडाळून सीटखाली सरकवली, तं चिखलाचा ओघळ पार दारापर्यंत! कंडक्टर वरडला, "हे ट्यूब कोनाची हाये बे?"

अन् इतक्या दिसात पह्यल्यांदा, तुमाले सांगतो, साडूनं, साळीनं, माह्या बायकोनं, एका आवाजात माहं नाव घेतलं… उतरलो मंग.